कातड्याच्या आतला हात

राजा वारला तेव्हा माझी बायको कारुंगी आठ दिवसांपासून तापात होती.

राजा गेला हे आम्हाला नगाऱ्यामुळे कळलं. रोज सकाळी गाईंचं दूध निघालं की टेकडीवर नगारा वाजायचा. त्या दिवशी दूध निघालं, वासरं सोडली, ऊन अंगणात आलं, तरी वाजला नाही. मग दरबारातले सगळ्यात जुने बामुराकाका स्वतः टेकडी उतरून माझ्या दारात आले.

"बागोंझा, सुरी घे आणि चल," ते म्हणाले.

बुरेमा मुलखाच्या राजाचा नगारा मढवणं हे आमच्या घराण्याचं काम. माझ्या बापाने एकदा मढवला, त्याच्या बापाने एकदा. राजा मेला की आधी जुनं कातडं फाडायचं. मी वर गेलो, कातडं फाडलं, नगारा उपडा केला आणि घरी आलो. येताना पाहिलं तर लोकांनी कुदळी आढ्याला बांधायला सुरुवात केली होती. नगारा मुका असेपर्यंत जमिनीला धनी नसतो, म्हणून जमिनीला लोखंड लावायचं नाही. नाचणी पेरायची नाही, आणि मेलेल्याला पुरायचंही नाही. त्या दिवसांत जो मरेल त्याला कमरेला दगड बांधून लव्हाळ्याच्या दलदलीत सोडायचं आणि मागे वळून न बघता यायचं. त्याचं नाव पुन्हा घरात घ्यायचं नाही.

कारुंगीची धाकटी बहीण तिबेसा शेजारच्याच वाडीत राहायची. ती चुलीपाशी नाचणीचा गोळा घोटत होती.

"फाडून आलात?" कारुंगीने पडल्या पडल्या विचारलं.

"आलो."

"मग आता माझं काय?"

"तुझं काय? तू बरी होणार."

"हो, आणि गाय उडणार."

तिबेसा म्हणाली, "ताई, मरायच्या गोष्टी करतेस आणि सकाळपासून दोनदा मागून खाल्लंस."

"दोनदा नाही. दीडदा. दुसऱ्यांदा तू अर्धंच वाढलंस." कारुंगी हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मला पाण्यात टाकू नका. मला पाण्याची भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे. मला त्या मागच्या केळीखाली ठेवा."

मी म्हणालो, "ठेवीन."

इतकंच बोललो. पण पुढे जे झालं ते सगळं या एका शब्दामुळे झालं.

नगारा मढवायला घाई करून चालत नाही. राजाच्या कळपातला बैल कापतात. त्याचं कातडं तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायचं. मग राजाच्या प्रत्येक जिवंत मुलाने पांढऱ्या मातीत हात बुडवून त्या कातड्यावर पंजा उमटवायचा. मी भावांबरोबर आहे, नगारा ज्याचा होईल त्याला मी राजा मानीन, असा त्याचा अर्थ. हा पंजा कातड्याच्या आतल्या बाजूला असतो. मुलगे एकेकटे येतात, डोक्यावरून झाडाच्या सालीचं कापड पांघरून, नगारखान्याच्या मागच्या दाराने. भावाने भावाला वाटेत गाठून मारू नये म्हणून ही पद्धत. कोण आलं, केव्हा आलं, ते फक्त मढवणाऱ्याला ठाऊक. एकदा कातडं ताणून वाद्या आवळल्या की आतलं कुणाला दिसत नाही. मढवणारा बाहेर येऊन सांगतो, आणि लोक मानतात.

आमच्या राजाचे मुलगे दोन. थोरला बिगाबे टेकडीवरच होता. धाकटा रुहिंबा गुरं घेऊन मिठाच्या तळ्याकडे गेला होता. त्याच्याकडे माणूस पाठवला होता. पाच-सहा दिवस लागतील असं सगळे म्हणत होते, पण तो जवळच्या माळावर पोचलाय अशीही कुजबुज होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारुंगी गेली. तिबेसा तिला पाणी पाजत होती. पाणी तोंडातून परत आलं तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही तिला पुसलं, गुंडाळलं, आणि तिच्या जागेवर ठेवलं. तिबेसाचा मुलगा मुहेंडा आला. हा चोवीस वर्षांचा, लग्न झालेला गडी. आम्हाला मूल नव्हतं, त्याचं निम्मं लहानपण आमच्याच घरात गेलेलं. तो दारात उभा राहून रडला आणि मग म्हणाला, "काका, दलदलीत कोण नेणार? मला नाही जमणार."

"कुणी नेणार नाही," मी म्हणालो, आणि नगारखान्यात गेलो.

थोड्या वेळाने मागच्या दाराने बिगाबे आला. त्याने माती कालवली, हात बुडवला, कातड्यावर ठेवला. त्याचा पंजा मोठा, मधलं बोट जरा वाकडं.

"धाकटा आला का?" त्याने विचारलं.

"अजून नाही, धनी."

"येईल. त्याला सगळीकडे उशीर होतो. जन्मालासुद्धा उशिराच आला, आई सांगायची." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या घरचं कळलं मला. वाईट झालं." आणि गेला.

हे मी मुद्दाम लिहितो. बिगाबेने मला काही सांगितलं नाही, धमकावलं नाही, काही कबूल केलं नाही. तो हात ठेवून गेला आणि मी थांबेन असं समजून गेला.

मी दुपारपर्यंत थांबलो. त्या दिवशी ऊन फार होतं. दोनदा घरी जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिबेसा केळीच्या पानाने माश्या वारत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी परत आलो, कातडं उचललं, नगाऱ्यावर टाकलं आणि वाद्या आवळायला लागलो. वाद्या आवळताना हात आपोआप चालतात. रात्रभर शेकोटीची ऊब देऊन सकाळी कातडं वाजण्याजोगं झालं.

बाहेर लोक जमले होते. बामुराकाकांनी विचारायचं ते विचारलं.

"मुलगे किती?"

"दोन."

"हात किती?"

"दोन," मी म्हणालो.

लोकांत जरा हालचाल झाली. कुणीतरी म्हणालं, म्हणजे रुहिंबा आला आणि गेलासुद्धा? दुसरा म्हणाला, भावाच्या दारात कशाला थांबेल, शहाणा आहे. बामुराकाकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आमच्या घराण्यातला माणूस नगारखान्याच्या दारात खोटं बोलला असं कधी झालं नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते ज्याचं नाव घेतील तो राजा; त्यांनी बिगाबेचं नाव घेतलं. बिगाबेने नऊ वेळा नगारा वाजवला. टेकड्या-टेकड्यांवरून लोक ओरडले आणि कुदळी आढ्यावरून उतरल्या.

दुपारी मी कारुंगीला मागच्या केळीखाली पुरलं.

दोन दिवसांनी रुहिंबा आला. अंगावर वाटेची धूळ, मागे शंभरेक माणसं. वेशीवर उभं राहून तो ओरडला, "माझा हात कुठाय? माझ्या हाताशिवाय नगारा कुणी मढवला?"

बिगाबेने मला बोलावलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

"बागोंझा, तो आला होता ना?"

"आला होता, धनी."

"कसा दिसत होता?"

"दमलेला."

बिगाबेने मान हलवली. त्याला ते पटलं. भावाने हात ठेवला, मग राजा आपण झालो नाही म्हणून उलटला, असं तो समजला. दमलेला हा एक शब्द मी जोडला नसता तर कदाचित त्याने आणखी विचारलं असतं. मला तेव्हाही सांगता आलं असतं. पण आमच्याकडे दुसराही एक नियम आहे. खोट्या नगाऱ्याखाली जे झालं ते झालंच नाही. लग्नं मोडतात, निवाडे फिरतात, पुरलेलं माणूस बाहेर काढावं लागतं. मी सांगितलं असतं तर कारुंगीला त्याच दिवशी बाहेर काढून दलदलीत न्यावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसलो.

लढाई दोन वर्षं चालली. पश्चिमेचे गुराखी रुहिंबाकडे गेले, केळीच्या बागांवाले आम्ही बिगाबेकडे राहिलो. दोन्हीकडच्या लोकांना आपलंच खरं वाटत होतं, कारण रुहिंबा खरंच बोलत होता आणि बिगाबेही त्याला ठाऊक होतं तेवढं खरंच बोलत होता. एका घरचे दोन जावई दोन बाजूंना गेले. बाजार भरायचे बंद झाले. आमच्या वाडीतली नऊ माणसं मारली गेली.

मी दर चार-पाच दिवसांनी केळीखालचं गवत उपटायचो. तिथेच एके दिवशी मुहेंडा आला. खांद्यावर भाला.

"काका, आई म्हणते जाऊ नको."

"मग जाऊ नको."

"पलीकडच्या वाडीतला एक जण म्हणाला, बागोंझा खोटं बोलला. मी त्याचा दात पाडला." त्याने मूठ दाखवली, बोटाला जखम होती. "त्याचा दातपण चांगला धारदार निघाला."

मी हसलो नाही. त्याने भाला खाली टेकवला. मग म्हणाला, "तुम्ही मला एकदा सांगा. बास. दुसऱ्या कुणाचं मी ऐकत नाही."

मी बसलो होतो तिथून कारुंगीचं थडगं हाताच्या अंतरावर होतं.

"दोन हात होते," मी म्हणालो.

"झालं तर मग," मुहेंडा म्हणाला. मावशीच्या थडग्यावर वाळलेलं पान पडलं होतं, ते त्याने उचलून बाजूला टाकलं आणि गेला.

नदीच्या उतारावर लढाई झाली त्यात तो पडला. बरोबरच्यांनी त्याला पाण्यात पडताना पाहिलं. नदीला पूर होता. देह मिळाला नाही.

तिबेसा चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. घरात आली नाही, सरळ मागे जाऊन बहिणीच्या थडग्यापाशी बसली. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"ताई, तुझं बरं आहे," ती थडग्याला म्हणाली. "तू कुठे आहेस ते तरी ठाऊक आहे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाजी, मी आजवर विचारलं नाही. माझ्या पोराने विचारलंय, आता मी कशाला, असं म्हटलं. पण ताई गेली त्या दिवशी मी तुमच्या घरात होते. तुम्ही दोनदा घरी आलात. दुसऱ्यांदा आलात तेव्हा रुहिंबा येऊन गेला होता?"

मी थडग्यावरचं गवत उपटायला वाकलो.

"नका सांगू," ती म्हणाली. "सांगितलंत तर मला तुमच्या घरचं पाणी पिता यायचं नाही. आणि माझं दुसरं कोण उरलंय?"

ती उठून गेली. जाताना दारातल्या मडक्यातलं पाणी प्यायली. मी बघावं म्हणून प्यायली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुरी घेऊन टेकडीवर गेलो. पहारेकऱ्यांना वाटलं वाद्या आवळायला आलोय. मी म्हटलं, राजाला बोलवा, बामुराकाकांना बोलवा, जे असतील त्यांना बोलवा. बिगाबे आला. तो बारीक झाला होता. दरबारातली वीसएक माणसं जमली.

"काय झालं? कातडं सैल पडलं?" बिगाबेने विचारलं.

मी नगाऱ्याच्या कडेने सुरी फिरवली. दोन-तीन माणसं ओरडत धावली, कारण जिवंत राजाचा नगारा कुणी फाडत नाही. पण तोवर कातडं सुटलं होतं. मी ते उलटून जमिनीवर पसरलं. आतल्या बाजूला मधोमध एक पंजा होता. पांढरी माती पिवळी पडली होती, पण बोटं स्पष्ट होती. मधलं बोट वाकडं. बाकी कातडं कोरं.

 बिगाबे खाली बसला आणि त्याने आपला हात त्या पंजावर ठेवला. बरोबर जुळला.

"आणि त्याचा?"

"तो आला नव्हता, धनी."

"तू म्हणालास दमलेला दिसत होता."

"दमलो मी होतो."

"का केलंस?"

"बायको घरात होती."

बामुराकाका माझ्या पायांपाशी थुंकले. कुणीतरी माझी मान धरली, तेव्हा बिगाबे म्हणाला, "सोडा. याला मारलं तर पुढचा नगारा कोण मढवणार?" तो अजून खालीच बसला होता. "दोन वर्षं मी त्याला खोटारडा म्हणतोय," तो म्हणाला. "माझ्या भावाला." मग त्याने अंगावरचं राजाचं पांघरूण काढून त्या कातड्यावर टाकलं आणि त्याच दिवशी पाच माणसं घेऊन नदीपलीकडे निघून गेला. भांडण करायला कुणी उरलं नाही, म्हणून लढाई संपली.

कुदळी पुन्हा आढ्याला गेल्या. बामुराकाकांनी गावोगाव माणसं पाठवली. बिगाबेच्या नगाऱ्याखाली जे जे पुरलं असेल ते बाहेर काढा. जमिनीला लोखंड लावायचं नव्हतं, त्यामुळे लोकांनी हातांनी आणि लाकडांनी उकरलं. ताजे होते त्यांना दलदलीत न्यावं लागलं. ज्यांची हाडंच उरली होती त्यांना घरात ठेवायची मुभा होती, नवा नगारा वाजेपर्यंत. आमच्या टेकडीवर बायका अंगणात गुडघ्यांवर बसून उकरत होत्या आणि प्रत्येक घरातून माझं नाव ऐकू येत होतं.

मी कारुंगीला हातांनी बाहेर काढलं. दोन दिवस लागले. काय दिसलं ते मी लिहिणार नाही. तिला नव्या सालीच्या कापडात बांधलं आणि घरात, ती झोपायची त्या जागेवर ठेवलं. मी माझ्या जागेवर झोपायचो.

रुहिंबा आला. बैल कापला, कातडं भिजलं, तिसऱ्या दिवशी त्याने येऊन पंजा उमटवला. हात उचलून म्हणाला, "मढव."

"अजून एक हात राहिलाय, धनी."

त्याला क्षणभर समजलंच नाही. "बिगाबेचा? तो पळालाय."

"जिवंत आहे. जिवंत मुलगा म्हणजे एक हात."

"तो माझ्या माणसांच्या हाती लागला तर ते त्याला इथवर पोचू देणार नाहीत."

"मग हे कातडं कुजेल. दुसरा बैल कापावा लागेल."

"हे तुला आत्ता सुचतंय?" रुहिंबा ओरडला. "दोन वर्षांपूर्वी माझ्यासाठी दोन दिवस थांबला नाहीस आणि आता त्याच्यासाठी थांबतोस?"

"हो, धनी. आत्ता सुचतंय."

त्याने माझ्या कानाखाली मारली. मी तिथेच उभा राहिलो. तो निघून गेला.

पंजा पुसू न देता मी रोज कातडं कडेकडेने ओलं ठेवत राहिलो. पाचव्या दिवसापासून वास यायला लागला. पावसाचे दोन शिडकावे होऊन गेले होते, नाचणी पेरायची वेळ टळत चालली होती. लोक नगारखान्यासमोरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायचे. याला एकदा घाई नडली, आता आपल्याला याचा उशीर नडणार. एका म्हातारीने माझ्या अंगावर राख फेकली. मी तिला ओळखत होतो. तिचा नातू दलदलीत गेला होता.

एका संध्याकाळी तिबेसा माझ्या दारात आली. आत डोकावून तिने कापडाचं ते गाठोडं पाहिलं.

"सगळा मुलूख तुमच्या नावाने बोटं मोडतोय, दाजी."

"मोडू दे."

"ताई नुसती पडलीय."

"माहीत आहे."

"तिला काय सांगता रोज?"

"थांब म्हणतो."

तिबेसा उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "ऐकते का?"

"आयुष्यभर कुठे ऐकलं तिने?"

ती हसली नाही, पण उठूनही गेली नाही. अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

शेवटी रुहिंबानेच बामुराकाकांना आपली ढाल देऊन नदीपलीकडे पाठवलं. ढालीमागे जो चालेल त्याला कुणी हात लावायचा नाही. बाराव्या दिवशी बिगाबे आला, भर दुपारी. डोक्यावर पांघरूण नव्हतं. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने आला. रुहिंबा बाहेर उभा होता, त्याच्याशेजारून तो आत आला.

"बागोंझा, मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तिला बाहेर काढावं लागलं असतं, धनी."

"काढावं लागलंच ना."

"हो."

त्याने हात मातीत बुडवून भावाच्या पंजाशेजारी ठेवला. बाहेर जाऊन तो भावासमोर उभा राहिला. हाताला माती तशीच.  मग बिगाबे म्हणाला, "हात धुवायला पाणी आहे का?" रुहिंबाने स्वतः पाण्याचा कोरलेला भोपळा उचलला आणि त्याच्या हातावर पाणी ओतलं. दोन वर्षांनंतर दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं. पण लोकांनी ते पाहिलं.

"मुलगे किती?" बामुराकाकांनी विचारलं.

"दोन."

"हात किती?"

"तुम्हीच आत येऊन मोजा," मी म्हणालो. "ज्याला बघायचं असेल त्याने यावं."

असं कधी होत नाही. पण ते आत आले, त्यांच्यामागे बाकीचे आले, अगदी ती राख फेकणारी म्हातारीही आली. सगळ्यांनी बघून झाल्यावर मी वाद्या आवळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बामुराकाकांनी रुहिंबाचं नाव घेतलं. त्याने नऊ वेळा नगारा वाजवला. बिगाबे तोवर थांबला, मग नदीकडे चालू लागला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी थांब असंही म्हणालं नाही.

मी घरी येऊन कुदळ काढली. मागच्या केळीखाली खणत असताना तिबेसा आली. तिच्या खांद्यावर सालीच्या कापडात गुंडाळलेला केळीचा बुंधा होता, माणसाएवढा. ज्याचा देह मिळत नाही त्याच्या जागी आम्ही केळीचा बुंधा पुरतो.

"मुहेंडाचा आहे," ती म्हणाली. "त्याच्या मावशीजवळ ठेवायचाय. जागा आहे?"

मी खड्डा रुंद केला. दोघांना खाली ठेवलं. आमच्याकडे माती लोटण्याआधी घरातल्या माणसाने मोठ्याने सांगायचं असतं, हे माणूस कशाने गेलं. कुंपणाबाहेर शेजारी उभे होते, प्रत्येकाच्या हातात कुदळ, प्रत्येकाला आपापलं पुरायचं होतं.

"कारुंगी तापाने गेली," मी म्हणालो.

मग मी तिबेसाकडे पाहिलं. तिचा मुलगा, तिने सांगायचं. 

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "त्याने तुम्हाला विचारलं होतं."

मी म्हणालो, "मुहेंडा माझ्या खोट्याने गेला." आवाज नीट निघाला नाही. कुंपणाबाहेरून कुणीतरी म्हणालं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.

तिबेसाने खाली वाकून मूठभर माती उचलली, आधी बहिणीवर टाकली, मग मुलावर.

"लोटा आता, दाजी," ती म्हणाली. "ऊन चढतंय."